गैरहजरांची सरासरी

निकालाच्या विश्लेषणाचं काम माझ्याकडे आलं ते मला जमतं म्हणून नव्हे. विभागात मीच उरले होते म्हणून आलं. आमच्या मराठी विभागात एके काळी टेबलाभोवती खुर्च्या कमी पडायच्या. मग एकेक जण निवृत्त होत गेला आणि त्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. तासिका तत्त्वावरची मुलं येतात, तास घेतात आणि दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायला पळतात. सह्या करायला, बैठकांना बसायला आणि वरून येईल ते ऐकून घ्यायला मी एकटी. निवृत्ती जवळ आली होती. गुडघे जिना चढताना आवाज करायला लागले होते.

जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावलं. मूल्यांकन समिती हिवाळ्यात येणार होती आणि त्यांच्या टेबलावर फायलींची उतरंड लागली होती.

"मॅडम, तुमच्या विभागाचा मागच्या पाच वर्षांचा निकाल पाहिजे. पेपरवार. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन. आणि आलेख."

"सर, मी कविता शिकवते."

"मी प्राणिशास्त्र शिकवत होतो. आता काय करतोय बघताय की."

त्यांचे डोळे लाल होते आणि चहा तसाच गार होऊन त्यावर साय धरली होती. मी उठले.

विभागातल्या संगणकावर बरीच वर्षं कापडी खोळ होती. ती काढली, झटकली आणि बसले. विद्यापीठाकडून आलेल्या निकालाच्या फाइली ऑफिसने पेनड्राइव्हवर दिल्या होत्या. ऑफिसमधल्या क्लार्कने जाता जाता सांगितलं, "कॉपी करायचं, एक्सेलमध्ये पेस्ट करायचं. झालं." मी तसं केलं. सगळं एकाच रकान्यात गोळा झालं: नंबर, नाव, आईचं नाव, गुण, शेरा, सगळं एका ओळीत चिकटलेलं, लग्नाच्या पंगतीतल्या उरलेल्या ताटासारखं. मग मी एकेक गुण हाताने टाइप करायला घेतले. दोन-तीन दिवस त्यातच गेले. मान अवघडली. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय लिहिताय एवढं?" मी म्हटलं, "काही लिहीत नाही. उतरवून काढतेय."

एवढं करून शेवटच्या चौकटीत सरासरीचं सूत्र घातलं, तर तिथे काहीतरी भागाकाराची चूक असल्याचा इंग्रजी शेरा आला. पुन्हा घातलं, पुन्हा तोच. मी संगणक बंद केला आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

तिथे ती उभ्याउभ्या डबा खात होती. वाणिज्य शाखेत तासिका तत्त्वावर सांख्यिकी शिकवणारी मुलगी. मुलगीच म्हणायचं, तिशीही पार केलेली नव्हती. राजारामपुरीत दोघीतिघींसोबत खोली घेऊन राहायची. सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, संध्याकाळी एका क्लासमध्ये, आणि या सगळ्याच्या मध्ये तिची स्कूटर. आमची ओळख मान हलवण्यापुरती होती. पण त्या दिवशी माझा चेहरा बघून तिनेच विचारलं, "मॅडम, बरं नाही का?"

मी सांगितलं. तिने डबा झाकला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "दहा मिनिटं आहेत. चला बघू."

तिने पडद्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाली, "मॅडम, गुण तुम्ही बरोबर टाइप केलेत, पण हा रकाना आकड्यांचा नाहीच. ही आकड्यासारखी दिसणारी अक्षरं आहेत."

"म्हणजे?"

"तुम्हाला चौसष्ट दिसतंय. संगणकाला सहा आणि चार अशी दोन अक्षरं दिसतायत. ओळखायची खूण सोपी आहे. आकडा असला की चौकटीत उजवीकडे जाऊन बसतो. अक्षर असलं की डावीकडे. आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला की समजायचं, गडबड आहे."

आयुष्यभर अक्षरांवर जगलेल्या बाईला हे असं ऐकायला लागलं. मला हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून तेही थोडं जड गेलं. तिने रकाना निवडला, कुठेतरी दाबलं आणि सगळे गुण डावीकडून उजवीकडे सरकले. मग चिकटलेल्या ओळीही रकान्यांत वेगवेगळ्या करून दाखवल्या. माझी दोन-तीन दिवसांची टंकलेखनाची मेहनत वाया गेली होती, ते मी तिला सांगितलं नाही.

त्यानंतर ती रोज डबा खायला आमच्या विभागात यायला लागली. ती खायची, मी माऊस धरायची. तिचा हट्ट एकच असायचा: तिने काहीही दाबायचं नाही, मीच दाबायचं. सरासरी आली. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान गुण काढता आला. मध्यक तिने असा सांगितला: "सगळ्या पोरांना गुणांप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि बरोब्बर मधल्याला पुढं बोलवायचं. एखाद्याला पंच्याण्णव पडले म्हणून सरासरी फुगते. मधला मात्र जागचा हलत नाही."

प्रमाण विचलनापाशी मी अडले. तो शब्दच मला कुठल्या तरी सरकारी खात्याचा वाटायचा. तिने पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून विचारलं, "मॅडम, समजा दोन वर्ग आहेत. दोन्हीकडं सरासरी पन्नास. एका वर्गात सगळे पंचेचाळीस ते पंचावन्नमध्ये. दुसऱ्यात निम्म्यांना ऐंशी, निम्म्यांना वीस. कुठला शिकवायला अवघड?"

"दुसरा," मी म्हटलं. असे वर्ग मी कितीतरी घेतले होते. पुढच्या बाकांसाठी बोलावं तर मागचे खिडकीबाहेर बघतात, मागच्यांसाठी बोलावं तर पुढचे जांभया देतात.

"मग झालं. सरासरी दोघांची एकच. पण दुसरीकडं पोरं लांब लांब पांगलीत. किती पांगलीत ते सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. तुम्हाला ते आधीच माहीत होतं. सूत्र तेवढं नव्हतं."

ती असं बोलली की बरं वाटायचं. पण ती गेल्यावर पुन्हा एकेक वर्ष, एकेक पेपर, एकेक रकाना. बाहेर पाऊस लागलेला, खिडकीच्या चौकटीतून ओल आत येतेय, आणि मी मुलांची नावं नसलेले नुसते गुण वर-खाली सरकवतेय. कंटाळा असा की तो अंगात मुरलेला असतो, झोपून जात नाही.

मग गैरहजर मुलं आली.

निकालात काही चौकटींत गुणांऐवजी 'एबी' अशी दोन अक्षरं होती. म्हणजे विद्यार्थी परीक्षेला बसलाच नाही. मी विचारलं, "यांचं काय करायचं?"

"काही करू नका. सरासरी घेताना एक्सेल अक्षरांना धरतच नाही. सोडून देतं."

"आणि शून्य घातलं तर?"

तिने खांदे उडवले. "घालून बघा की."

मी त्या तक्त्याची नक्कल काढली आणि एबीच्या जागी शून्य घातलं. सरासरी एकदम खाली आली. जुन्या वर्षांत थोडी खाली आली, अलीकडच्या वर्षांत बरीच. मी खुर्चीत मागे टेकले.

"मग खरं कुठलं?"

"शून्य खोटं आहे मॅडम," ती म्हणाली. "शून्य म्हणजे पोरगं आलं, बसलं आणि काहीच लिहिलं नाही. ही तर आलीच नाहीत. ज्यांनी लिहिलं त्यांनी कसं लिहिलं, असं विचारलं तर सोडून दिलेलीच सरासरी बरोबर. पण पोरांचं काय झालं, असं विचारलं तर ते सरासरीत सापडत नाही. ते वेगळं मोजावं लागतं."

मोजायचं सूत्र तिने दिलं. दर वर्षी नावं किती, बसले किती, एबी किती. आलेख काढला. सरासरीची रेघ दर वर्षी हळूहळू वर चढत होती. शेजारी गैरहजरांचे उभे खांब होते, तेही चढत होते. दोन्ही एकाच चित्रात पाहिल्यावर मला पहिल्यांदा सुचलं की आमचा निकाल सुधारतोय तो कदाचित आम्ही बरं शिकवतोय म्हणून नव्हे. कच्ची मुलं परीक्षेला यायचीच थांबली असतील, आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप वर गेली असेल.

"असेल," ती म्हणाली. "पण तपासल्याशिवाय म्हणू नका."

तपासायचं म्हणजे नावांकडे जायचं. मी शेवटच्या वर्षाची यादी उघडली. बरीच नावं खरंच मागच्या बाकांवरची होती. पण एका ओळीत आधीच्या सगळ्या सत्रांचे गुण चांगले होते. शेवटच्या सत्रातले इतर पेपरही चांगले. एकच चौकट एबी. नाव वाचलं आणि चेहरा आठवला. चंदगडकडची मुलगी. वर्गात कमी बोलायची, पण लिहायला लागली की पुरवणी मागायची. मुलींच्या वसतिगृहात राहायची. माझा अंदाज तिच्या ओळीत बसत नव्हता.

मी यादीतल्या नंबरांवर फोन लावायला सुरुवात केली. हे काम कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला त्यात काही मोठं करायचंही नव्हतं. आकड्यांनी थकले होते, माणसाचा आवाज ऐकावासा वाटला, एवढंच. बरेच नंबर बंद होते. एका मुलाने उचलला आणि झोपाळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एमआयडीसीत हाय मी. रातपाळी करून आलोय. काय काम होतं?" काय काम होतं ते मलाच नीट सांगता आलं नाही. दुसऱ्याचा सूर उत्साहाचा होता. तो पोलीस भरतीसाठी पळायला जात होता, पेपर आणि मैदानी चाचणी एकाच आठवड्यात आली होती. त्याने मलाच विचारलं, "आता बीए करून काय करू मॅडम?" मी म्हटलं, "पळ तू."

चंदगडच्या मुलीचा फोन एका बाईने उचलला.

"कोण पायजे?"

मी नाव सांगितलं. कोल्हापूरहून बोलतेय, कॉलेजातली बाई आहे म्हटलं.

"ती कामाला गेलीया. रेंज न्हाय हितं, ऐकू येत न्हाय." आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

कदाचित ते तिथेच संपलं असतं. पण श्रावणात त्याच बाजूच्या एका कॉलेजने भित्तिपत्रकाच्या उद्घाटनाला पाहुणी म्हणून बोलावलं. एरवी गुडघ्यांचं कारण सांगून मी टाळते. या वेळी हो म्हटलं.

एसटीतून गडहिंग्लज मागे पडलं तसा पाऊस दाट होत गेला. खिडक्यांच्या काचा बंद होत नव्हत्या. शेजारची बाई पदराने खांदा पुसत राहिली, मीही. कार्यक्रम छोटा होता. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, मी चार शब्द बोलले. नारळ हातात घेऊन मी तिथल्या सरांना यादीतल्या त्या मुलीच्या गावाचा रस्ता विचारला. त्यांनी सांगितलं, परतीच्या रस्त्यावरच आहे, आणि मुलगी कामाला असेल तर काजूच्या कारखान्यातच असेल. त्यांनी मला मोटारसायकलवर तिथे सोडलं आणि एसटी तिथेच हात केल्यावर थांबते, हेही सांगितलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. बाहेरपर्यंत भाजल्याचा, थोडा तिखट वास येत होता. आत बायका रांगेने बसल्या होत्या, समोर पायाने दाबायची कातरयंत्रं. टरफल फुटायचं, बी बाजूला जायची. कुणी तरी माझ्याकडे बघून हाक दिली, "पावणं आलंय गं कुणाकडं तरी!"

ती डोक्याला रुमाल बांधलेली उठून आली. मला ओळखलं आणि जागीच थांबली. हात मागे घेतले.

"मॅडम? तुम्ही?"

"इकडे कार्यक्रमाला आले होते."

आम्ही शेडच्या पडवीत बसलो. पन्हाळीतून पाणी धो धो पडत होतं, त्यामुळे दोघींना मोठ्याने बोलावं लागत होतं. मी सरळ विचारलं, "एक पेपर का राहिला तुझा?"

ती काही बोलायच्या आत तिच्यामागून एक बाई आली. दोन्ही हातांत रबरी मोजे, ते काढता काढता बोलायला लागली. फोनवरचा आवाज मी ओळखला. तिची आई.

"माझ्यामुळं राहिला बाई. टरफलाचं तेल लई वंगाळ. माझं हात भाजलं. ही बघा." तिने तळवे पुढे केले. कातडी अजून काळपट आणि चिरलेली होती. "जाग्यावर मानूस न्हाय दिसलं की दुसरीला बसवत्यात. ही सुट्टीची दोन दिवस आलती घरला. म्हनाली, मी बसतो तुझ्या जाग्यावर. म्या सांगिटलं, पेपरला जा. ऐकतीया कुठं?"

"आई, गप की," मुलगी म्हणाली.

"काय गप? आता बाईस्नी सांगायचं न्हाय तर कुनाला?"

मुलीने मग स्वतः सांगितलं. मधल्या सुट्टीत ती घरी आली होती. पेपरच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत आईच्या जागी बसून मग गाडी धरायची, असं ठरवलं होतं. दुपारची गाडी आलीच नाही. संध्याकाळची गडहिंग्लजपर्यंतच होती. सकाळी निघून पेपर गाठणं शक्य नव्हतं. पुढचे पेपर तिने दिले.

"मग पुनर्परीक्षेचा फॉर्म का नाही भरलास?"

"भरणार होतो मॅडम. मग वाटलं, एका पेपरसाठी परत कोल्हापूर. वसतिगृह सुटलेलं. राहायचं कुठं? आणि मग..." ती पाण्याकडे बघत राहिली. "मग तसंच राहून गेलं. राहून गेलं की पुन्हा उठवत न्हाय."

हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. मी काही उपदेश केला नाही. माझ्यातही तेवढी उभारी नव्हती. मी म्हटलं, "फॉर्मची मुदत अजून आहे. परीक्षेला माझ्या घरी राहा. आम्ही दोघंच असतो."

तिने डोक्याचा रुमाल सोडून हात पुसले. मग विचारलं, "मॅडम, त्या पेपरला मला शून्य दिलंय का?"

"नाही. शून्य नाही. गैरहजर लिहिलंय."

"मग बरं," ती म्हणाली, आणि का कुणास ठाऊक, पहिल्यांदा थोडी हसली.

तेवढ्यात रस्त्यावर एसटीचे दिवे दिसले. आईच पळत जाऊन हात करून उभी राहिली.

परत आल्यावर मी तक्ता पुरा केला. पेपरवार सरासरी, मध्यक, विचलन, आलेख. आणि त्याच पानावर खाली एक छोटा तक्ता: नोंदणी किती, परीक्षेला बसले किती, गैरहजर किती. प्राचार्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"हे कशाला?"

"सर, त्याशिवाय सरासरी अर्धवट वाटते."

"नियमाने बसलेल्यांचाच निकाल धरतात मॅडम. कुणी विचारलेलं नाही हे. आपणच दाखवायचं, आणि मग आपणच उत्तर देत बसायचं?"

"काढू का?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खालच्या मैदानावर मुलं ओरडत होती. "काढा म्हणत नाही मी," ते शेवटी म्हणाले. "शेवटच्या पानावर टाका. वेगळा." सकाळपासून त्यांच्या बैठकाच चालल्या होत्या. मी शेवटच्या पानावर टाकला. शाहूपुरीतल्या एका दुकानात फाइल बांधून घेतली. दुकानदाराने विचारलं, "रंग कुठला?" मी म्हटलं, "कुठलाही."

दिवाळीच्या आधी सांख्यिकीवाली मुलगी कॉलेज सोडून गेली. पुण्याच्या एका कंपनीत आकड्यांचंच काम मिळालं होतं. जायच्या दिवशी डबा घेऊन विभागात आली. म्हणाली, "मॅडम, एकाच जागी बसून काम आहे. स्कूटर नाही लागणार." आनंदाने सांगत होती की दमून, कळलं नाही. मी तिला एक शाल दिली, कार्यक्रमात मिळालेली, न उघडलेली. तिने ती लगेच अंगावर घेतली आणि तशीच बसून शेवटचा डबा खाल्ला. मला काही विचारायचंय का म्हणाली. मी एक आलेख दाखवला. त्याच्या खालची वर्षं उलटी लागत होती. तिने नेहमीसारखं सांगितलं, माऊसला हात न लावता.

पुनर्परीक्षेच्या आदल्या दुपारी चंदगडची मुलगी खरंच आली. मला वाटलं नव्हतं. पाठीवर एक बॅग, छत्री मोडलेली. नवऱ्याने दार उघडलं आणि तिला बघून मला हाक मारण्याऐवजी आधी चहा टाकला. जेवताना तिने पेपराविषयी एक-दोन गोष्टी विचारल्या, मी सांगितल्या. संध्याकाळभर ती गॅलरीत बसून वाचत होती. मी पलीकडे उत्तरपत्रिका तपासत होते. मधूनच तिचं पान उलटल्याचा आवाज यायचा. घरात असं कुणी वाचत बसलेलं खूप वर्षांत नव्हतं. सकाळी रिक्षात बसताना म्हणाली, "येतो मॅडम." पेपर झाल्यावर ती तिकडूनच स्टँडवर गेली. फोनवर एवढंच सांगितलं, "पुरवणी घेतली."

समिती थंडीत आली. कॉलेजला रंग लावला होता, कुंड्या आणल्या होत्या, आमच्या विभागात नवीन पडदे लागले होते. समितीतले एक पोक्त गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांनी फाइल चाळली. आलेखांवरून नजर फिरवली. शेवटच्या पानावर मात्र थांबले.

"हा तक्ता कुणी लावायला सांगितला?"

"कुणी नाही सर."

प्राचार्य माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. गृहस्थांनी पान पुन्हा पाहिलं. रकान्यांवरून बोट फिरवलं. "आमच्याकडेही असंच आहे," ते हळूच म्हणाले. फाइल मिटली आणि विचारलं, "ग्रंथालय कुठल्या मजल्यावर?"

प्राचार्य त्यांना घेऊन गेले. मी त्या खोलीत थोडा वेळ बसून राहिले. काही जिंकलं, काही हरलं, असं वाटलं नाही. पाय दुखत होते. सकाळपासून नेसलेली काठाची साडी टोचत होती.

पुनर्परीक्षेचा निकाल त्यानंतर लागला. ती पास झाली होती, त्या पेपरला तिच्या मानाने थोडे कमी गुण. मी फोन केला. या वेळी तिनेच उचलला. मागे यंत्रांचा आवाज होता.

"कळलं मॅडम. सकाळीच बघितलं. आई पेढे वाटतीया हितं सगळ्यांना."

"आता पुढे काय?"

"बघू. एमए बाहेरून करावं वाटतंय. पण आता हितं कामाची घाई हाय." मग तिनेच विचारलं, "मॅडम, तुमचे गुडघे कसे हायत?"

मी बरे आहेत म्हटलं. ते खरं नव्हतं, पण तिने विचारलं म्हणून तसंच म्हणावंसं वाटलं.

आता भूगोलाचे विभागप्रमुख त्यांची निकालाची फाइल घेऊन माझ्याकडे येतात. इतिहासवालेही येऊन गेले. "मॅडम, तुम्हाला येतंय म्हणे," म्हणतात. मी नाही म्हणत नाही. खुर्ची सरकवून त्यांना संगणकासमोर बसवते, माऊस त्यांच्या हातात देते आणि चष्मा शोधायला लागते.